कांचनजंगाचा कोपरा आणि आपले सिनॉप्सिस

आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर यांच्यातल्या सहकार्यावर संशोधन करायचं ठरवलेल्या मुलांचे सिनॉप्सिस वाचले की एक साचा दिसतो. पहिल्या परिच्छेदात इमारती गुंतागुंतीच्या होत चालल्या आहेत. दुसऱ्यात समन्वय नसल्यामुळे वेळ आणि पैसा वाया जातो. तिसऱ्यात मॅक्लिमी कर्व्ह. चौथ्यात एक ते पाच गुणांची प्रश्नावली, आणि तिच्यावर आरआयआय. निष्कर्ष न वाचताही सांगता येतो: 'संवादाचा अभाव' पहिल्या क्रमांकावर, 'इंजिनिअरला उशिरा बोलावणं' दुसऱ्या. मग शिफारस काय? इंजिनिअरला लवकर बोलवा.

मी या विषयाच्या अगदी शेजारी काम करतो. घर लाखनीला, पीएचडी नागपुरात, त्यामुळे मोठ्या शहरातली ऑफिसं आणि तालुक्याच्या गावातलं बांधकाम दोन्ही बघायला मिळतं. हा साचा वाईट हेतूचा नाही. तो वेळेत पूर्ण होतो, गाइडला ओळखीचा वाटतो, पेपरही छापून येतो. पण त्यातून सहकार्याबद्दल नवीन असं काहीच कळत नाही, कारण प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला असतो. इंजिनिअरला कधी बोलावलं याने फार काही ठरत नाही. तो काहीतरी बोलल्यावर ड्रॉइंगमधली कुठली रेघ हलली, आणि आर्किटेक्ट काहीतरी म्हणाल्यावर इंजिनिअरच्या गणितात काय बदललं, हे शोधायला हवं. आणि ते प्रश्नावलीत सापडत नाही.

आधी आरआयआयचं बघू, कारण नव्या मुलांना तिची भुरळ लवकर पडते. रिलेटिव्ह इम्पॉर्टन्स इंडेक्स म्हणजे काय? सगळ्यांनी दिलेल्या गुणांची बेरीज करायची आणि तिला सर्वांत मोठा गुण गुणिले उत्तरं देणाऱ्यांची संख्या, याने भागायचं. शून्य ते एकच्या मधला आकडा येतो. शंभर जणांनी एका कारणाला एकूण ४१० गुण दिले तर ४१० भागिले ५००, म्हणजे ०.८२. दुसऱ्या कारणाला ०.७९ आले की आपण लिहून टाकतो की पहिलं कारण जास्त महत्त्वाचं. पण हा आकडा कशाचा आहे? लोकांच्या मताचा. साइटवर काय घडलं याचा नाही. शिवाय 'संवादाचा अभाव' ही ओळ इतकी सैल आहे की आर्किटेक्टने पाच गुण दिले तर त्याच्या मनात उशिरा आलेलं आरसीसी ड्रॉइंग असतं, आणि इंजिनिअरने पाच दिले तर न विचारता सरकवलेली भिंत. दोघांची एकमेकांविरुद्धची तक्रार एकाच खान्यात जाते आणि तिला आपण एकमत म्हणतो!

आता तो कर्व्ह. काळ पुढे जाईल तशी खर्चावर परिणाम करण्याची ताकद कमी होत जाते आणि बदलाचा खर्च वाढत जातो, असं सांगणाऱ्या दोन रेषा. मॅक्लिमी हे अमेरिकेतले आर्किटेक्ट, त्यांच्या नावाने ही आकृती २००४ पासून फिरते आहे. मूळ कल्पना त्याहून जुनी, बॉइड पॉल्सन यांनी १९७६ मध्येच तशी आकृती काढली होती. कल्पना पटण्यासारखीच आहे. अडचण अशी की ही रेखाटलेली आकृती आहे, मोजलेली नाही. उभ्या अक्षावर आकडे शोधून बघा. तरी आपल्या प्रबंधांत ती 'सिद्ध झालं आहे' या शब्दांबरोबर येते. आणि त्याहून मोठी अडचण आडव्या अक्षाची आहे. तो सुरू होतो प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी. सहकार्य मात्र पुष्कळदा त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. हे मी कुठून म्हणतो, तर मुंबईतल्या एका इमारतीवरून. तिच्यापाशी थोडं थांबायला हवं.

कंबाला हिलवरची कांचनजंगा. आर्किटेक्चरच्या पोरांना ती पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून पाठ असते. आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया, बरोबर प्रवीणा मेहता. काम १९७० ते १९८३. प्लॅन २१ मीटरचा चौरस, उंची ८४ मीटर, म्हणजे एकास चार. आत ३२ घरं, तीन ते सहा बेडरूमची, हाताची बोटं एकमेकांत अडकवावीत तशी गुंतलेली. कोपऱ्यात दोन मजली उंचीच्या उघड्या गच्च्या.

तिची गोष्ट नेहमी हवामानाची सांगितली जाते. मुंबईत वारा आणि समुद्राचा देखावा हवा तर पूर्व-पश्चिम तोंड करावं लागतं. पण कडक ऊन आणि आडवा पाऊसही त्याच बाजूंनी येतो. जुन्या बंगल्यांनी यावर तोड काढली ती भोवती व्हरांडा फिरवून. कोरियांनी तो व्हरांडा उचलून उंच इमारतीच्या कोपऱ्यात बसवला. खरी गोष्ट आहे आणि सुंदर आहे. स्वतः कोरियांनी ती नीट मांडली आहे. पण आपल्याकडची प्रेझेंटेशनं, ब्लॉग, केस स्टडीचे शीट हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात आणि शेवटी एक ओळ टाकतात: 'स्ट्रक्चरल इंजिनिअर – शिरीष पटेल'. सिनेमा संपल्यावर दिवे लागतात आणि लोक उठून चालायला लागतात, तेव्हा पडद्यावर जी नावं सरकत असतात, तशी.

त्या कोपऱ्याकडे जरा इंजिनिअरच्या डोळ्यांनी बघा. उंच इमारतीला वारा ढकलतो. तिला उभं ठेवायचं तर कॉलम जितके बाहेरच्या कडेला तितकं बरं. माणूस पाय फाकवून उभा राहतो तसं. म्हणजे चार कोपरे ही इंजिनिअरची सर्वांत मोलाची जागा. आणि आर्किटेक्टला नेमके तेच कोपरे रिकामे हवेत, कारण वारा आणि देखावा तिथेच. एकाच जागेवर दोघांचा दावा. कांचनजंगात ती जागा आर्किटेक्टला मिळाली, आणि वाऱ्याला तोंड द्यायचं मुख्य काम मधल्या कोअरकडे गेलं, लिफ्टच्या भोवतीच्या काँक्रीटच्या भिंतींकडे. फाकवलेले पाय जवळ घेतले आणि कणा ताठ केला, असं म्हणा.

गच्च्या ६.३ मीटर बाहेर लोंबतात, खाली आधार नाही. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका, त्याचं गणित करा. दोन ओळींचं आहे. साध्या फ्लॅटची गॅलरी दीड मीटर बाहेर येते असं धरू. ६.३ म्हणजे तिच्या ४.२ पट. सारखाच भार पसरला असेल तर मुळाशी येणारा वाकवणारा जोर लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळपास १८ पट. आणि टोकाचं खाली झुकणं लांबीच्या चौथ्या घाताने, म्हणजे तेवढ्याच जाडीत सुमारे ३११ पट! म्हणजे गॅलरीचीच स्लॅब थोडी जाड करून हे जमत नाही. खोल बीम लागतात, किंवा भिंत, कठडा, मजल्याच्या पातळीतला फरक, यांतलं काहीतरी ताकदीसाठी वापरावं लागतं. हे नियम कुठल्याही लोंबत्या बांधकामाला लागू आहेत. तेव्हा अशा ठिकाणी 'कठडा किती उंच?' हा प्रश्न दिसण्याचा राहत नाही. तो दोघांनाही विचारायचा प्रश्न होतो.

अजून एक तपशील, जो केस स्टडीच्या शीटवर क्वचितच येतो. मधला कोअर बाकी इमारतीच्या आधी वर नेला गेला, स्लिपफॉर्म पद्धतीने. भारतात बहुमजली इमारतीसाठी ही पद्धत तेव्हा पहिल्यांदा वापरली गेली अशी नोंद आहे. स्लिपफॉर्ममध्ये साचा काँक्रीट ओततानाच हळूहळू वर सरकत राहतो. काम थांबवत नाहीत, शटरिंग काढून पुन्हा लावत नाहीत. याचा आर्किटेक्टच्या टेबलावर काय परिणाम होतो? कोअरच्या भिंतीतलं प्रत्येक दार, प्रत्येक डक्टचं भोक आधीच पक्कं करावं लागतं. घरं एकमेकांत गुंतलेली, आतल्या पातळ्या बदलत्या, म्हणजे दारं सगळ्या मजल्यांवर आंधळेपणाने एकाखाली एक येतीलच असं नाही. साचा सरकून वर गेल्यावर 'हे दार जरा उजवीकडे घ्या ना' म्हणायची सोय नाही. बांधायच्या पद्धतीने प्लॅनला असं घट्ट धरून ठेवलेलं असतं. हा माझा तर्क आहे, पण त्या पद्धतीच्या कामातून निघणारा आहे, आणि कोणी या इमारतीवर प्रबंध करणार असेल तर हवामानावरचं आणखी एक प्रकरण लिहिण्यापेक्षा कोअरच्या भोकांवर लिहावं. तिथे दोन धंदे एकमेकांना घासतात.

आता त्या आडव्या अक्षाकडे परत. शिरीष पटेल या इमारतीसाठी अचानक नेमलेले सल्लागार नव्हते. पटेल यांच्याच डिझाइनचा केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल १९६५ मध्ये खुला झाला होता. त्याच वर्षी कोरिया, मेहता आणि पटेल या तिघांनी 'मार्ग' या नियतकालिकात मुंबईच्या वाढीबद्दल लेखन केलं, खाडीपलीकडे नवं शहर वसवावं असं सुचवलं. पुढे १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, कोरिया नव्या मुंबईचे मुख्य आर्किटेक्ट झाले, पटेल यांच्याकडे नियोजन आणि कामांची जबाबदारी आली. म्हणजे कांचनजंगाच्या कागदावर जी तीन नावं आहेत, ती तिन्ही आधी अख्ख्या शहराच्या प्रश्नावर एकत्र भांडलेली, निदान एकत्र बसलेली नावं आहेत. कर्व्हवर हे कुठे दाखवणार? प्रकल्पाच्या पहिल्या दिवसाच्या पाच वर्षं डावीकडे, पानाच्या बाहेर.

म्हणून 'लवकर बोलवा' ही शिफारस मला पोकळ वाटते. पहिल्या मीटिंगला बोलावलेला अनोळखी इंजिनिअर बहुधा मान डोलावून जातो. त्याच्या फीचा आकडा अजून ठरायचा असतो, पुढचं काम मिळेल की नाही याची धाकधूक असते. तो 'कोपऱ्यात कॉलम लागेल' असं एकदा म्हणेल, दुसऱ्यांदा म्हणणार नाही. नाही म्हणायची मोकळीक ओळखीतून येते, किंवा फीच्या करारातून, किंवा वयातून. तारखेतून येत नाही. आपल्या प्रश्नावल्यांमध्ये फी कोण देतं, हा प्रश्न तरी असतो का? पुष्कळ कामांत इंजिनिअरची फी आर्किटेक्टमार्फत जाते. ज्याच्या हातून पैसे घ्यायचे त्यालाच विरोध करायचा, हे सोपं नाही.

इथे एक खड्डा आहे, त्यातही लोक पडतात. इंजिनिअरचं नाव दुर्लक्षित राहिलं हे लक्षात आल्यावर संशोधक उलट्या टोकाला जातो आणि 'मूळ कल्पना खरं तर कोणाची?' हे शोधत बसतो. सिडनी ऑपेरा हाउसवर असं किती लिहिलं गेलं आहे! यॉर्न उट्झॉन यांनी १९५७ मध्ये स्पर्धा जिंकली तेव्हा छपरांना नेमकी भूमिती नव्हती. ओव्ह अरुप यांच्या ऑफिसने पुढची चार वर्षं एकामागून एक आकार तपासले, आणि १९६१ मध्ये सगळी कवचं एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापायची असं ठरलं, त्यामुळे तुकडे साच्यात ओतून जोडता येऊ लागले. गोल कोणाला सुचला यावर दोन्ही बाजूंचे लोक आजही वाद घालतात. मला तो वाद निष्फळ वाटतो. चार वर्षं फसलेले आकार ही खरी सामग्री आहे. प्रत्येक आकार कुठल्या कारणाने टाकून दिला गेला, हे कळलं की सहकार्य कसं चाललं हे कळतं; शेवटचा आकार कोणाचा हे नाही कळलं तरी चालेल. पुढे १९६६ मध्ये उट्झॉन यांनी काम सोडलं, इमारत १९७३ मध्ये उघडली. गोल सापडला म्हणून सगळं गोड झालं, असंही नाही.

आपल्याकडे असं फसलेले आकार जपून ठेवायची सवय कमी. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स आठवा: आर्किटेक्ट राज रेवाल, इंजिनिअर महेंद्र राज, १९७२. स्पेस फ्रेम म्हटलं की पोलादी नळ्या डोळ्यांसमोर येतात. पण तेव्हा पोलाद महाग आणि दुर्मीळ, म्हणून तीच जाळी जागेवर ओतलेल्या काँक्रीटमध्ये केली. साहित्याच्या टंचाईने दोघांनाही आपापला पाठ केलेला धडा सोडायला लावला. एप्रिल २०१७ मध्ये ती इमारत पाडली. त्याच्या आदल्या वर्षी महेंद्र राज यांच्या कामावरचं 'द स्ट्रक्चर' हे पुस्तक त्यांच्या ड्रॉइंगसह प्रसिद्ध झालं होतं. इमारतीजवळ जाऊन काँक्रीटच्या सांध्यावर हात ठेवून बघायची संधी गेली. आता जे काही वाचायचं ते कागदावरूनच.

आतापर्यंत मोठ्या माणसांच्या मोठ्या इमारती झाल्या. आता उलटी बाजू. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात १७ जुलै १९८१ ला टांगलेले दोन पूल कोसळले आणि ११४ माणसं मेली. मूळ डिझाइनमध्ये छतापासून निघालेले लांब लोखंडी गज वरच्या पुलातून जाऊन खालच्या पुलापर्यंत पोचत होते. एवढे लांब आटे पाडलेले गज बसवणं कटकटीचं, म्हणून फॅब्रिकेटरच्या टप्प्यावर एका गजाचे दोन तुकडे केले: छतापासून वरच्या पुलापर्यंत एक, वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत दुसरा. दिसायला काही फरक नाही. पण दोन माणसं एकाच दोराला धरून लोंबकळली तर प्रत्येकाच्या हाताला आपलंच वजन पेलावं लागतं. खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले तर वरच्याच्या हाताला दोघांचं. तसं झालं. वरच्या पुलाखालच्या नटवर दुप्पट भार आला. चौकशीत दिसलं की मुळातला जोडही नियमाला पुरेसा नव्हता, बदलाने तो आणखी कमजोर झाला. त्या शॉप ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का होता. जोडाचं गणित कोणी केलेलं नव्हतं.

इथे इंजिनिअर लवकर आला होता की उशिरा, याने काय फरक पडतो? तो सुरुवातीपासूनच होता. बदल उशिरा आला, लहान दिसला, आणि ज्याने पाहायला हवं त्याने पाहिल्याची सही केली. 'लवकर बोलवा' या सल्ल्यात याचं उत्तर नाही.

तुमच्यापैकी काही म्हणतील, कांचनजंगा आणि हयात ठीक आहे, आम्ही फील्डवर्क करणार लाखनी-साकोली पट्ट्यात, तिथे आर्किटेक्टच नाही. बरोबर. लाखनीत बहुतेक घरांचा प्लॅन डिप्लोमा किंवा डिग्रीवाला सिव्हिल इंजिनिअर काढतो, नगरपंचायतीत पास करून घेतो. आरसीसी डिझाइन लागलंच तर नागपूरहून मोबाइलवर येतं, आणि प्रत्यक्ष निर्णय घेतो मिस्त्री. मग 'आर्किटेक्ट-इंजिनिअर सहकार्य' हा विषय इथे गैरलागू आहे का? मला वाटतं इथेच तो जास्त लागू आहे. फक्त दोघांची कामं चौघांत वाटली गेली आहेत: घरमालक, प्लॅनवाला, आरसीसीवाला, मिस्त्री. जागा कशी वापरायची आणि भार कुठून न्यायचा, हे दोन प्रश्न तेच आहेत. कोण कुठला विचारतो, तेवढं बदलतं.

एक काम मी जवळून पाहिलं. महामार्गाच्या बाजूचं, खाली गाळे, वर घर. जागा आणि माणसं ओळखू येतील असं काही सांगत नाही. पाया झाला, कॉलम उभे राहायला लागले, तेव्हा मालकाच्या लक्षात आलं की एक कॉलम गाळ्याच्या तोंडाशी येतोय. मिस्त्री म्हणाला, "कालम इथं आला त शटर कसा बसंल जी?" प्रश्न अगदी योग्य होता! तो प्लॅनवाल्याने आधी विचारायला हवा होता. मग फोन झाले, फोटो गेले, व्हॉट्सॲपवर चांगली पाऊण तास बोलणी झाली, आणि खालचा कॉलम दीड फूट सरकवून बीममध्ये दोन सळ्या जास्त टाकायचं ठरलं. वरच्या मजल्याचा कॉलम होता तिथेच राहिला, कारण वर त्या भिंतीत बेडरूमचं दार.

म्हणजे वरचा कॉलम आता खालच्या कॉलमवर नाही, बीमवर उभा. समजा वरून ३० टन येतात. दीड फूट म्हणजे ०.४५ मीटर. तर ३० टनांचा भार आधारापासून ०.४५ मीटर बाजूला, म्हणजे १३.५ टन-मीटर इतका वाकवणारा परिणाम एका नऊ इंची बीमच्या आणि त्याच्या टोकाच्या वाट्याला जाऊ शकतो. बीम दुसरीकडे कसा टेकला आहे त्यावर नेमका आकडा बदलेल. 'दोन सळ्या' हे या गणिताचं उत्तर आहे की नाही, हे गणित केल्याशिवाय सांगता येत नाही. भूकंपाच्या आयएस १८९३ या मानकाची २०१६ ची आवृत्ती तर अशा तरंगत्या कॉलमला, तो इमारतीच्या मुख्य आडव्या ताकदीचा भाग असेल, तर मनाईच करते. त्यात खाली शटरमुळे उघडा गाळा आणि वर भरीव भिंती. २६ जानेवारी २००१ ला भूज हादरलं तेव्हा केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवरच्या अहमदाबादेत खालचा मजला पार्किंगसाठी उघडा सोडलेल्या इमारती बसल्या, हे विसरायला नको. आपला भाग तेवढा भूकंपाचा नाही, मान्य. पण आपल्या धानपट्ट्यात कन्हार माती आहे, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. पाया कमी-जास्त हलला की पहिली तक्रार असाच बीम करतो.

आता संशोधक म्हणून बघा. या कामावर आपली प्रश्नावली दिली असती तर? 'प्रकल्पात वेळोवेळी संवाद झाला का?' चौघांनीही पाच गुण दिले असते. खरंच झाला होता. 'अडचणी चर्चेतून सोडवल्या गेल्या का?' पाच. आरआयआय ०.९ च्या वर. आदर्श सहकार्य! आणि त्या घरात राहायला गेलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर मोजणी न केलेला एक बीम.

त्या चर्चेत नव्हतं ते एकच: कोणी 'थांबा, हे होणार नाही' म्हणालं नाही, आणि बदल कुठल्याही ड्रॉइंगवर चढला नाही. आरसीसीचा कागद आजही जुना आहे, कॉलम जुन्या जागी दाखवणारा.

मग करायचं काय? सिद्धांताकडे जायचं तर दोन गोष्टी वाचा. लुई बुचारेली यांचं १९९४ चं 'डिझायनिंग इंजिनिअर्स'. ते कंपन्यांमध्ये जाऊन बसले आणि एकच वस्तू वेगवेगळ्या तज्ज्ञांना कशी वेगवेगळी दिसते हे त्यांनी टिपलं. आणि स्टार व ग्रीझमर यांचा १९८९ चा लेख, बर्कलीच्या पृष्ठवंशीय प्राणिशास्त्राच्या म्युझियमवरचा, जिथून 'बाउंडरी ऑब्जेक्ट' ही संकल्पना आली. सीमेवरची वस्तू म्हणा. दोन्ही गट तीच वापरतात, आपापल्या अर्थाने, आणि तरी काम पुढे सरकतं. सध्या आपल्याकडे प्रत्येक बिम मॉडेलला बाउंडरी ऑब्जेक्ट म्हणायची फॅशन आली आहे. म्हणा, पण हयातचं शॉप ड्रॉइंगही सीमेवरचंच होतं आणि प्रत्येकाने ते आपापल्या अर्थाने वाचलं. काम पुढे सरकलं, तोच तर घात झाला.

सामग्रीसाठी मी एवढंच सांगेन की एक इमारत घ्या, शंभर नको. तिच्या ड्रॉइंगच्या सगळ्या आवृत्त्या मिळवा, आर-शून्यपासून शेवटपर्यंत. चांगल्या ऑफिसात बदललेल्या भागाभोवती ढगासारखी रेघ ओढतात. ते ढग मोजा, प्रत्येक ढगाचं कारण आर्किटेक्टला आणि इंजिनिअरला वेगवेगळं बसवून विचारा. दोघांची कारणं जुळत नाहीत तिथे प्रकरण सुरू होतं. चालू कामाचे कागद ऑफिसं देत नाहीत, उद्या काही झालं तर अंगाशी येईल ही भीती असते आणि ती खोटी नाही. पाच-सात वर्षांपूर्वी पूर्ण झालेलं काम मागा, नाव न छापण्याचं लेखी द्या. मोबाइलवरचे मेसेज मागायचे असतील तर प्रत्येकाची वेगळी संमती हवी, एकाने दिली म्हणून दुसऱ्याचे वाचायचे नाहीत.

आणि लाखनीसारख्या ठिकाणी कागदी आवृत्त्या नसतातच, असं समजू नका. मिस्त्री विटांच्या भिंतीवर पेन्सिलने मापं लिहितो, खाडाखोड करतो, बाण काढतो, कधी फोनवर सांगितलेला आकडा तिथेच टिपतो. ती त्या घराची खरी शेवटची आवृत्ती असते. भिंतीला छपाई लागायच्या आत जाऊन तिचे फोटो काढून घ्या.